मुलगा ४ वर्षांचा, त्याला सगळं कळतं पण त्याचं बोलणं कोणाला कळत नाही. अप्रॅक्सिया आहे की नाही हे ठरवतात कसं?

इस्लामपूरची_आई

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

माझा मुलगा ४ वर्षं २ महिन्यांचा आहे. कळतं सगळं, म्हणजे 'वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा आण, निळ्या झाकणाचा नको' म्हटलं की बरोबर तोच आणतो. कोडी लावतो, रस्त्यावरच्या गाड्या ओळखतो, अंगणवाडीत ताई गोष्ट सांगतात तेव्हा बरोबर जागेवर हसतो. पण बोलणं घरच्यांशिवाय कोणाला कळत नाही आणि खरं सांगायचं तर आम्हालाही निम्मंच कळतं. पाणी मागायचं तर सकाळी 'पाई', दुपारी 'बाणी', आणि संध्याकाळी नुसतं 'आई', मग मी धावत जाते की मला हाक मारतोय आणि त्याला हवं असतं पाणी. मग चिडतो, डोकं आपटून घेतो.

तान्हा असताना फार शांत होता. बाकीची बाळं बाबाबा मामामा करत पडून राहतात तसं त्याने फारसं केलंच नाही, आम्हीच कौतुकाने सांगत फिरायचो की किती गुणी बाळ आहे बघा.

आता गोंधळ असा झालाय. कानाची बेरा टेस्ट केली, नॉर्मल आली. एका ठिकाणी स्पीच थेरपिस्टने दहा-पंधरा मिनिटं बघून 'अप्रॅक्सिया' (म्हणजे बोलताना तोंड कसं हलवायचं ती आखणी जमत नाही) लिहून दिलं. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले असलं काही नाही, नुसता डिले आहे, मोबाईल बंद करा. तिसऱ्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय लिहून दिलाय, त्याला भूल द्यावी लागेल म्हणून आम्ही थांबलोय. सासूबाई रोज जिभेला वेखंड लावतायत, गावाकडून पोपटाने खाल्लेला पेरूपण आला होता (तो त्याने आवडीने खाल्ला, त्याला काय). आणि एका नातेवाईकांचं म्हणणं जिभेखालचा दोरा कापून टाका, लगेच बोलेल.

मला एवढंच विचारायचंय की हे नेमकं तपासतात कसं, रक्ताची किंवा मशीनची अशी एखादी टेस्ट असते का की जिच्यात लिहून येतं, आणि दोन रिपोर्ट दोन दिशेला असतील तर विश्वास कोणावर ठेवायचा.

बिनधास्त_बार्शीकर

ताई काही काळजी करू नका. माझा भाचा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आता बोलायला लागला की थांबवावं लागतं. मुलगे उशिराच बोलतात. हे डॉक्टर लोक काहीतरी नाव चिकटवून पैसे काढतात.

बोलकी_बाहुली

बार्शीकर दादा, भाच्याचं चांगलं झालं याचा आनंदच आहे, पण उशिरा बोलणारं मूल शब्द उशिरा काढतं, आणि एकदा काढला की तो शब्द बऱ्यापैकी जागेवर राहतो. इथे एकच शब्द दिवसातून तीन रूपं घेतोय. हे उशिराचं लक्षण नाही. 'थांबा, बोलेल' ह्याच्यात माझ्याकडच्या किती पोरांची दोन-दोन वर्षं गेलीत ते मी बघितलंय.

इस्लामपूरच्या ताई, मी पुण्यात स्पीच थेरपिस्ट आहे, १४ वर्षं झाली, बहुतेक लहान मुलंच बघते. इथून मी निदान करणार नाही, कोणी करत असेल तर त्याचं ऐकूही नका. पण तपासणीत काय काय व्हायला हवं ते सांगते, म्हणजे समोरचा तपासतोय की उरकतोय ते तुम्हाला कळेल.

मशीनची किंवा रक्ताची टेस्ट नसते. आधी हे डोक्यातून काढून टाका. निदान कानाने आणि डोळ्याने होतं, मूल कसं चुकतं ते बघून.

आपल्याकडे कसंय, सगळ्यालाच 'बोबडं' नाहीतर 'तोतरं' म्हणून मोकळे होतात. पण बघा, एक मूल काकाला 'ताता' म्हणतं, कावळ्याला 'तावळा', केळ्याला 'तेळं'. कधीही विचारा, क चा त च. हे झालं बोबडं. त्याच्या डोक्यात एक नियम बसलाय, चुकीचा आहे पण नियम आहे, तोंड ठणठणीत आहे. दुसरं मूल 'कावळा' म्हणायला गेलं की एकदा 'तावया', एकदा 'गावा', एकदा चक्क 'आवळा', चौथ्या वेळी कसं कोण जाणे एकदम स्वच्छ 'कावळा', आणि पाचव्यांदा तोंड उघडून जबडा इकडे तिकडे करत नुसतंच शोधत राहतं. इथे नियम सापडत नाही. जीभ धड आहे, ओठ धड आहेत, काय म्हणायचंय ते पक्कं माहितीये, पण कोणी कधी किती हलायचं ही आखणीच नीट जमत नाही. हा अप्रॅक्सियाचा वास. आणि तिसरं मूल, त्याचे सगळेच शब्द सारखेच लडबडलेले, श्वास वाक्याच्या मधेच संपतो, आवाज बारीक किंवा घोगरा, लाळ गळते, घास चावताना त्रास होतो, आणि पाण्याचं 'माणी' होतं कारण टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जात नाही आणि हवा नाकातून निघून जाते. हा डिसार्थ्रिया, म्हणजे स्नायूच अशक्त किंवा ताठ किंवा ताब्यात नसलेले. पुस्तकात हे तीन कप्पे वेगळे असतात, पोरं काही कप्प्यात बसून येत नाहीत, एकाच मुलात दोन-दोन गोष्टी असतात आणि म्हणूनच वेळ लागतो.

हे असं का होतं ते समजून घ्यायचं असेल तर आत्ता उठून आरशासमोर जा आणि 'पी' म्हणा, मग 'पू' म्हणा. पू म्हणताना आवाज निघायच्या आधीच ओठ गोल झालेले दिसतील. म्हणजे प चालू असतानाच पुढच्या ऊ ची तयारी झालेली असते. आपल्याला वाटतं अक्षरं माळेतल्या मण्यांसारखी एकामागे एक येतात, तसं नसतं, ती एकमेकांत मुरलेली असतात. बाळ हे शिकतं बडबडीतून. साधारण सहा ते दहा महिन्यांत बाबाबा मामामा सुरू होतं, तिथे खरं काम एकट्या जबड्याचं, ओठ आणि जीभ त्याच्यावर बसून वरखाली होतात. मग ओठ जबड्यापासून वेगळे हलायला शिकतात, जीभ तिचं तिचं हलायला लागते त्याला अजून वेळ लागतो, आणि ही सगळी सफाई पंधरा-सोळा वर्षांपर्यंत वाढतच असते. दर बाबाबा मागे मेंदू नोंद ठेवतो की असं हलवलं की असं ऐकू येतं. हजारो वेळा झालं की ऐकून दुरुस्त करायची गरज राहत नाही, साचा तयार असतो. पोळी लाटायला शिकताना सुरुवातीला सगळं लक्ष लाटण्याकडे, आणि नंतर गप्पा मारता मारता पोळी आपोआप गोल फिरते, तसं. अप्रॅक्सियाच्या मुलाचा साचा पक्काच होत नाही, त्याची दर वेळी पहिलीच पोळी. म्हणून तुम्ही ते तान्हेपणी शांत होता असं लिहिलंत ना, ते मी दोनदा वाचलं. तपासणीत ते आपणहून सांगा, सगळे विचारतातच असं नाही.

आता तपासणी. एका बैठकीत क्वचितच होते, दोन-तीन भेटी धरून चाला. गरोदरपण, बाळंतपण, कावीळ, फिट्स, दूध ओढणं, घास चावणं, घरात अजून कोणाचं बोलणं उशिरा आलं होतं का, हे सगळं विचारायला हवं. कान तुमचे झालेत, उत्तम. त्याला कळतं किती हे वेगळं मोजतात. मग तोंड बघतात, आणि बघतात म्हणजे टॉर्च मारून 'आ कर' एवढंच नाही, 'आऽ' म्हणताना टाळू दोन्ही बाजूंनी सारखा उचलला जातो का, जीभ गालाच्या आत दोन्हीकडे जाते का, ओठ मिटून राहतात का, आऽ किती वेळ टिकतो.

त्यानंतर खरी गंमत. एकच शब्द मुद्दाम पुन्हा पुन्हा वदवून घेतात आणि दर वेळी काय आलं ते जसंच्या तसं लिहितात. मग शब्द लांबवत नेतात. मी 'बटाटा' घेते, मग 'बटाटेवडा', मग 'बटाटेवडा दे मला'. बोबड्या मुलाची चूक तिन्हीकडे साधारण तीच राहते, अप्रॅक्सियावाल्याचा शब्द लांबला की डोलारा कोसळतो. स्वरांकडे बारीक लक्ष ठेवते, कारण साधं बोबडं बोलणारी मुलं व्यंजनं बदलतात पण स्वर सहसा सोडत नाहीत. दूधचं 'दाध' किंवा 'देद' ऐकू आलं की माझे कान उभे राहतात. मग प-त-क प-त-क भरभर म्हणायला लावायचं असतं, चार वर्षांच्या पोराला ते निरर्थक वाटतं म्हणून मी 'पताका पताका पताका' म्हणवून घेते, आषाढात तर लगेच जमतं. नुसतं पपपप येतं आणि पताका जुळत नाही असं झालं की काहीतरी कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे पंधरा मिनिटांत होऊच शकत नाही. शब्द चुकला की मी चूक लिहून पुढे जात नाही. 'माझ्या तोंडाकडे बघ' म्हणते, हळू म्हणते, मग दोघं एकत्र म्हणतो, तरी नाही तर हनुवटीला हात लावून जबडा दाखवते. किती मदतीवर शब्द सुधारतो ह्याच्यावर निदानही ठरतं आणि उद्यापासून उपचार कुठून सुरू करायचे तेही. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या एडिथ स्ट्रँड यांनी ह्याच पद्धतीवर डी-ई-एम-एस-एस नावाची चाचणी बसवलीये. शब्द इंग्रजी आहेत त्यामुळे गुण जसेच्या तसे आपल्या मुलांना लावता येत नाहीत, पण पद्धत घेता येते.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या आशा ह्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने तीन खुणा ठरवल्या, त्या अजून चालतात: एकच शब्द परत परत म्हणताना वेगवेगळ्या चुका, एका आवाजातून दुसऱ्यात जाताना ताण पडणं किंवा तुटणं, आणि बोलण्याची लय-हेल बिघडणं. तिसऱ्या खुणेत मराठीची अडचण आहे. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर जोर असतो आणि तो चुकला की लगेच ऐकू येतं, मराठीत तसा जोराचा शब्दार्थाशी संबंध नाही. म्हणून मी मराठी मुलात अक्षरांमधली फट ऐकते, 'पा. णी. दे.' असं तोडून येतंय का, ऱ्हस्व-दीर्घ सपाट झालेत का, आणि 'आला?' आणि 'आला.' ह्यातला फरक सुरात येतो का. इंग्रजी पुस्तकातली यादी समोर ठेवून टिक करणाऱ्याला हे दिसत नाही.

जिभेचा दोरा: दोरा घट्ट असलाच तर जीभ वर न्यावी लागते ते आवाज अडतील, ल, र, ट वगैरे. पाण्यातला प ओठांचा आहे ताई, त्याला जिभेचा दोरा काय करणार. त्याचा प सुद्धा कधी प, कधी ब, कधी गायब आहे. वेखंड कृपा करून थांबवा, बोलणं त्याने येत नाही आणि जास्त पोटात गेलं तर उलट्या होतात. पेरू खाऊ द्या.

नागपूरचा_बाबा

वरच्या मॅडमनी तिसऱ्या मुलाबद्दल लिहिलं ना, ते माझ्या घरी आहे. मुलगी ९ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. जन्मल्यावर कावीळ खूप वाढली होती, आम्हाला तेव्हा कळलंच नाही की कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. हातपाय तिचे आपोआप वळतात, थांब म्हटलं की जास्तच, आणि तोंडाचंही तसंच.

लिहायचं कारण की आमच्या बाबतीत उलटं झालं होतं. एका ठिकाणी दीड वर्ष अप्रॅक्सिया म्हणून चित्रांची कार्डं दाखवत बसवलं, दिवसाला चाळीस कार्डं, आणि पोरगी चार शब्द बोलून दमून जायची, कोणीही श्वासाकडे बघितलं नाही. पुढे दुसऱ्या मॅडम भेटल्या त्यांनी पहिल्या दिवशी कार्ड काढलंच नाही. खुर्ची बघितली. पाय लटकत होते. पायाखाली पाट ठेवला, कमरेला बेल्ट लावला, पाठीमागे उशी, आणि म्हणे आता 'आऽ' कर. आधी दोन सेकंद जेमतेम यायचा तो पाचपर्यंत गेला. मी तिथेच खाली बसलो हो. अंग स्थिर नाही तर श्वास स्थिर नाही आणि श्वास नाही तर आवाज कुठून येणार, एवढी साधी गोष्ट. मग आठवड्यातून तीनदा असे सहा आठवडे फक्त श्वास, आवाज काढायची वेळ आणि बोलायचा वेग ह्यावर काम केलं. एका दमात तीनच शब्द बोलायचे, थांबायचं, मग पुढचे. आता शाळेत बाई तिला कळून घेतात, दुकानदाराला अजून नाही कळत.

बाहेर ती टॅबवर जेलो वापरते, आयआयटी बॉम्बेच्या लोकांनी केलेलं ॲप आहे, चित्रावर बोट ठेवलं की मराठीत बोलतं. माझी आई म्हणायची की ह्याने बोलायचंच सोडून देईल, तसं झालं नाही, उलट चिडचिड गेली आणि तोंडाने बोलायचा प्रयत्न वाढला. ताई तुमचा मुलगा डोकं आपटतो म्हणालात, त्याच्यासाठी आजच पाण्याचं चित्र फ्रिजवर चिकटवा. निदान होईल तेव्हा होईल.

इस्लामपूरची_आई

तुम्हा दोघांचे खूप आभार, मॅडमचं लिहिलेलं ह्यांनाही वाचून दाखवलं, आरशासमोर उभे राहून पी पू केलं सगळ्यांनी, सासूबाईंनी सुद्धा.

काल मी खेळता खेळता त्याच्याकडून सहा शब्द पाच-पाच वेळा म्हणवून घेतले आणि वहीत लिहिले. पाणी असं आलं: पाई, बाणी, आई, पा (आणि पुढे तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिला), पाई. गाडी असं आलं: गाई, दाई, गागी, आई, गाडी. हो, एकदा गाडी आलं, स्वच्छ, मी ओरडलेच, परत म्हण म्हटलं तर नाही आलं आणि रडायला लागला. पण एक विचित्र आहे, पायाला टेबल लागलं की 'आई गं' अगदी स्पष्ट येतं, आणि 'आई गं म्हण' म्हटलं की नाही येत. तो मुद्दाम करतो असं ह्यांना वाटायचं.

अजून एक, पहिल्या ठिकाणी घरी करायला व्यायाम दिलेत. मेणबत्ती विझवायची, शिट्टी, स्ट्रॉने कापूस ओढायचा, जिभेने ओठावरचा मध चाटायचा, गाल फुगवायचे. रोज अर्धा तास. दोन महिने झाले. शिट्टी आता मस्त वाजवतो, बोलणं तसंच. चालू ठेवू का?

बोलकी_बाहुली

शिट्टी मस्त वाजवतो ह्यातच उत्तर आहे बघा 🙂 ओठ आणि श्वास कामाचे आहेत म्हणजे. शिट्टी वाजवून शिट्टी वाजवता येते. बोलणं बोलूनच येतं. बिनबोलण्याच्या ह्या व्यायामांनी उच्चार सुधारतात ह्याला चांगला पुरावा मिळालेला नाही, आमच्या व्यवसायात तरीही सर्रास देतात, कारण घरच्यांना काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि खरं सांगायचं तर सोपं आहे द्यायला. तो अर्धा तास परत घ्या आणि दहा-दहा मिनिटं दोनदा शब्दांना द्या. पाच-सहाच शब्द, त्याला दिवसभर लागणारे, पाणी, दे, नको, आई, अजून, असे. थोडे शब्द आणि भरपूर वेळा. चाळीस कार्डं एकेकदा नकोत.

'आई गं' चं मुद्दाम नाही हो, बाबांना सांगा. आपोआप निघालेलं निसटून येतं, ठरवून काढायला गेलं की अडतं, हे ह्या मुलांत नेहमी दिसतं. शाबासकी 'परत म्हण' अशी देऊ नका मात्र, गाडी आली की गाडी हातात द्या.

तुमच्या वहीतलं पान फार कामाचं आहे. पाण्याचा पहिला आवाज पाचात तीन तऱ्हेचा, मधला ण पाचात चारदा गायब, शोधत थांबणं, आणि गाडी पाचात एकदाच बरोबर. मी तपासायला बसले असते तर अप्रॅक्सिया मनात धरूनच बसले असते, पण पुन्हा सांगते, तपासल्याशिवाय शिक्का नाही. आणि हेही ध्यानात घ्या की काही मुलं वेगळ्या कारणाने एकच शब्द वेगवेगळा म्हणतात, तिथे तोंड शोधत नाही आणि आपल्यामागून म्हणवून घेतलं की बरंच सुधारतं. म्हणून नुसत्या 'दर वेळी वेगळं येतं' ह्या एका खुणेवर कोणी निदान केलं तर तेही अर्धवट. २०१५ मध्ये सिडनीच्या गटाने इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत दाखवलं की अक्षरं तुटणं, शब्दातला जोर, लांब शब्दांची अचूकता आणि प-त-क ही चार मापं एकत्र घेतली की तज्ज्ञांच्या निदानाशी ९१ टक्के मेळ बसतो. चार एकत्र, एकटं कुठलंच नाही.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला सहसा आम्ही पक्कं नाव देत नाही, 'अप्रॅक्सियाचा संशय' लिहितो आणि उपचार सुरू करतो, कारण लांब शब्द आणि भरभर बोलणं तपासायला तेवढं बोलणं तरी हवं ना. तुमचा चारचा आहे, आता ठरवता यायला हवं. आणि हो, हे दुर्मीळ आहे, हजारात एक-दोन मुलं असं धरतात, त्यामुळे रस्त्याने जाता जाता सगळ्यांना अप्रॅक्सिया लिहिणाऱ्यापासूनही सांभाळा.

एमआरआयचं न्यूरोलॉजिस्टना विचारून ठरवा, मी थांबवा म्हणणार नाही. पण त्यांना हे विचारा की तुम्ही काय शोधताय. अप्रॅक्सियाच्या बहुतेक मुलांचा नेहमीचा एमआरआय नॉर्मलच येतो, एमआरआयने अप्रॅक्सिया आहे किंवा नाही हे कळत नाही. फिट्स येत असतील, एका बाजूला जोर कमी असेल, चालताना तोल जात असेल, तर कारण शोधायला तो लागतो. आणि कोणतंही मूल येत असलेलं बोलणं गमावायला लागलं तर एक दिवस थांबू नका, तिथे ईईजीसुद्धा (मेंदूच्या लहरींची तपासणी) बघतात.

मोबाईलने अप्रॅक्सिया होत नाही. कमी करा, त्याच्याशी बोलायला वेळ मिळतो म्हणून करा, पण स्वतःला दोष देत बसू नका.

मेलबर्नची_मावशी

मोबाईल, टीव्ही, गरोदरपणात काही पाहिलं, हे सगळं ऐकून आम्हीपण दमलो होतो म्हणून लिहिते. माझ्या मुलीला अप्रॅक्सिया आहे, आता ११ ची. इथे आम्हाला जनुकीय तपासणीबद्दल विचारलं होतं. ह्या विषयातली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे लंडनमधलं एक कुटुंब, संशोधनात त्यांना केई कुटुंब म्हणतात, तीन पिढ्या आणि त्यातले साधारण निम्मे लोक असंच बोलायचे. २००१ मध्ये त्यांच्यात फॉक्सपी२ ह्या जनुकातला बदल सापडला. लगेच पेपरात 'भाषेचं जनुक सापडलं' असं आलं, ते काही खरं नाही, ते इतर बऱ्याच जनुकांना चालू-बंद करणारं जनुक आहे आणि बहुतेक मुलांत बदल त्यात नसतोच. २०२० मध्ये इथल्याच एका गटाने अप्रॅक्सियाची ३४ मुलं तपासली, ११ जणांत कारण ठरेल असा बदल सापडला, पण वेगवेगळ्या जनुकांत, आणि बऱ्याच जणांत तो आईबाबांकडून आलेला नव्हता, मुलातच नव्याने झालेला. माझ्या लेकीत काहीच सापडलं नाही, आणि थेरपी काही त्यामुळे बदलली नाही.

बाकी दोन भाषांनी गोंधळ होतो असं आम्हालाही सांगितलं होतं. आम्ही घरी मराठी सोडली नाही. ती 'ळ' म्हणायला नऊ वर्षांची झाली, पण आता आजीशी फोनवर मराठीत भांडते.

बिनधास्त_बार्शीकर

मी जरा घाईत लिहिलं होतं, माफ करा ताई. एक विचारतो, पुण्या-मुंबईला जायचं नसेल तर इथे आसपास सोय काय? आमच्याकडे एका पोराला असंच आहे, बाप शेतमजूर आहे, दर आठवड्याला फी परवडणार नाही.

बोलकी_बाहुली

दादा, अंगणवाडीत आरबीएसकेचं, म्हणजे मुलांच्या तपासणीच्या सरकारी योजनेचं, पथक येतं ना, वर्षातून दोनदा, तपासणीला, त्यांना स्पष्ट सांगायचं की बोलण्याची तपासणी हवी आहे. ते जिल्ह्याच्या डीईआयसीला पाठवतात, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या आवारातलं लहान मुलांचं केंद्र, तिथे पैसे लागत नाहीत. रांग असते, पद भरलेलं आहे का ते आधी फोन करून विचारा. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, मैसूरला आयिश आहे, दोन्ही बोलण्या-ऐकण्याच्या सरकारी संस्था, एकदा तिथे सविस्तर तपासणी करून घ्यायची आणि रोजचं काम घराजवळ करायचं असं बरेच पालक करतात. कुठेही गेलात तरी थेरपिस्टचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर विचारा, विचारायला लाजायचं नाही. आणि थेरपी आठवड्यातून एकदा तासभर घेण्यापेक्षा तीन-चारदा वीस-वीस मिनिटं ह्या पोरांना जास्त लागू पडते, तेवढं जमत नसेल तर थेरपिस्टकडून आईला किंवा आजीला नीट शिकवून घ्यायचं, समोर करून दाखवायला लावायचं.

ताई, तपासणीला जाताना दोन व्हिडिओ न्या, एक जेवताना आणि एक त्याच्या आवडीच्या खेळात, कारण नव्या खोलीत पोरं तोंड उघडत नाहीत. आणि आधीचे दोन्ही रिपोर्ट न्या पण वही आधी दाखवा, रिपोर्ट शेवटी.

इस्लामपूरची_आई

गुरुवारची वेळ मिळालीये, सकाळी पहिली, आणि फोनवरच्या बाईंनी आपणहून सांगितलं की दोन तास धरून या. बरं वाटलं. फ्रिजवर पाणी, दूध आणि 'नको'चं चित्र लावलंय, नकोचं सगळ्यात जास्त वापरतोय.

वहीत आज 'आई' चार वेळा आलंय. तीनदा पाणी होतं, एकदा मी.

बोलकी_बाहुली

हे असंच लिहून न्या. खाली तारीख टाका.